चोरदरवाज्यापुढच्या वहाणा

“वहाणा काढ आधी. मग आत.”

दारावरचा पहारेकरी दायंबा नाईक हे ज्या म्हातारीला म्हणाला, तिचं लुगडं पाठीवर जळून कातडीला चिकटलं होतं. तिच्यामागे अख्खी देवगिरी धुराखाली गेली होती आणि बाजारपेठेतल्या किंकाळ्या पार खंदकापर्यंत ऐकू येत होत्या. तरी म्हातारी थांबली. तिने एका हाताने खडक धरला, एकेक पाय वर करून वहाणा काढल्या, जोडीने नीट लावून ठेवल्या. मग उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेली.

तिला वेडी म्हणायचं कारण नाही. त्या दिवशी सगळेच तसं करत होते. किल्ल्याच्या पोटात शिरणारा तो चोरदरवाजा. आत भुयार, आणि भुयाराच्या पहिल्याच वळणावर जाखाईचं ठाणं. देवीसमोर चामडं न्यायचं नाही. वर्षातून एकदा, जत्रेला, शहरातले लोक त्या दाराने आत जात आणि वहाणा बाहेर काढत. पणज्यापासूनची सवय ती. मरण मागे लागलं तरी पाय सवयीनेच चालतात.

राजा सकाळीच किल्ल्यावर चढून बसला होता. फौज कुठे लांब दक्षिणेला गेलेली. तुर्कांचे घोडे वेशीत दिसले तसा किल्ल्याचा मोठा दरवाजा आतून लागला, आणि शहराला उरला फक्त हा दरवाजा. तो परक्याला माहीत नव्हता. बंद झाला की कड्याचा दगड आणि दाराचा दगड वेगळा ओळखू येत नसे. पुढे करवंदीची जाळी.

आम्ही त्या जाळीपाशी उभे होतो. आम्ही म्हणजे मी डेमाई, माझा नवरा एल्हो, सासू गोमाई आणि माझ्या कडेवर आमची लेक लखाई. लखाई नुकती पाय टाकायला लागली होती. बोलत मात्र नव्हती. नुसती बोटं दाखवायची.

आम्हाला वहाणा काढायला कोणी सांगत नव्हतं. आमच्या पायांत कसल्या वहाणा! चामडं आमच्या हातांत होतं, म्हणून आमची जागा उंबऱ्याच्या अलीकडे. जत्रेत आम्ही बाहेर बसून लोकांच्या वहाणा राखायचो. दुसऱ्याच्या पायातलं चामडं आमच्याशिवाय हातात घेणार कोण? ज्याने घेतलं त्याला अंघोळ.

“नाईक, आम्हाला कधी घेता?” एल्होने विचारलं.

“घेतो ना. हे लोक जाऊ देत.”

“लोक संपले की तुर्क येतील.”

“मग काय तुला सगळ्यांच्या पुढे घालू? जाखाईला काय सांगू, चांभार आलाय, जरा सरकून बस?”

रांगेतले दोघे-तिघे हसले. घरं जळत होती, माणसं मरत होती, आणि हे हसले.

गोमाईला गप्प बसणं माहीत नव्हतं. “सरकू नको म्हणावं तिला. आम्ही कोपऱ्यात बसू. ज्या पखालीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओततात, ती पखाल माझ्या नवऱ्याने शिवली. तेव्हा बरी बाटली नाही ती!”

“तोंड आवर, गोमे.”

“तोंडच उरलंय बाबा. बाकीचं खाली जळतंय.”

लोक येत होते, वाकत होते, आत जात होते. दारापुढचा ढीग वाढत होता. सोनारणीच्या मऊ सपाता, जोशांच्या वहाणा, हमालांची जाड पायताणं. पहिली रांग नीट लावलेली, मग नुसतेच एकावर एक. त्यातल्या अर्ध्या एल्होच्या हातच्या. त्याची नजर त्या ढिगावर होती आणि तोंड उतरत चाललं होतं.

“नाईक,” तो पुढे होऊन म्हणाला, “दार लावलंत तरी हा ढीग बाहेर राहणार. आंधळ्यालाही कळेल इथून माणसं आत गेलीत.”

दायंबाने प्रथमच ढिगाकडे बघितलं. कमरेइतका झाला होता.

“आत घ्या म्हणता येत नाही मला,” एल्हो म्हणाला. “चामडं आत चालत नाही. पण मी खंदकात टाकतो सगळं. तुम्ही माझी माणसं आत घ्या, मी टाकतो.”

“आधी टाक.”

“आधी ह्यांना घ्या. लेकरू आहे.”

“तू शहाणा आहेस, पण मीही खुळा नाही,” दायंबा म्हणाला. “तुम्ही आत गेलात तर ढिगाला हात लावायला इथे कोणी माणूस आहे? माझे शिपाई लावतील? आधी ढीग हलवा. मग चौघंही आत. जाखाईची शपथ.”

शपथेवर एल्होने विश्वास ठेवला. मी नाही ठेवला, पण मला विचारतो कोण! आम्ही घरून आणलेलं बैलाचं कातडं जमिनीवर पसरलं, त्यावर वहाणा ओढल्या, आणि गाठोडं खंदकाच्या काठापर्यंत फरफटत नेऊन लोटलं. पुन्हा आलो. पुन्हा भरलं. लखाई माझ्या पाठीला बांधलेली. आम्ही वाहत होतो आणि रांगेतले लोक नव्या काढून टाकत होते. ढीग काही हटेना.

तेवढ्यात तटावरून शिंग वाजलं. खालच्या वाटेवर धूळ उठली होती.

“बंद करा!” दायंबा ओरडला.

शेवटची बाई आत पाय ठेवत होती. तांबोळ्याची महादाई. तिच्या छातीशी स्वतःचं तान्हं होतं. तिने तशातही लाल वहाणा काढल्या. त्या मला ठाऊक होत्या. तिच्या लग्नात एल्होने केलेल्या, टाचेवर दोऱ्याचा मोर. महिनाभर तो दुसरं काही शिवत नव्हता.

मी धावले. “नाईक, शपथ घेतलीत!”

भाल्याचं टोक माझ्या छातीला लागलं. “ढीग हलला का? नाही हलला.”

दगडाचं दार फिरू लागलं होतं. मी छातीवर बांधलेली झोळीची गाठ दातांनी सोडली आणि लखाईला फटीत धरलं. “बाई, हिला घ्या! एवढीला तरी घ्या!”

महादाईने दायंबाकडे बघितलं. मग माझ्याकडे. हात पुढे केले नाहीत तिने. पदर पसरला. भीक घेतात तसा पदर पसरला आणि मी माझी लेक त्यात टाकली. तेवढं तरी केलं तिने, म्हणून मी तिला मनात आशीर्वाद दिला.

दार लागलं. पुढे नुसता कडा उरला.

एल्हो हाताने दगड चाचपत राहिला. गोमाईने त्याचं मनगट धरून त्याला मागे खेचलं.

“बाप्या, दाराला हात लावत बसलास तर दार दाखवशील. पोर आत आहे आपली! कळतंय का? आता हे दार आपलं आहे. बस खाली. रापी काढ.”

“रापी कशाला?”

“ह्या सगळ्या तुटक्या वहाणा आहेत. दुरुस्तीला आल्यात. आपण चांभार आहोत. काप! डेमे, अंगठे काप एकेकीचे! भराभर!”

आमच्या धंद्यात वहाण दुरुस्तीला येते ती बहुतेक अंगठा तुटूनच. मी रापी घेतली आणि कापत सुटले. चांगल्या, धडधाकट वहाणांचे अंगठे सटासट कापले. गोमाईने कातडं पसरून आरी, दोरा, कापायची फळी, पाण्याची कुंडी मांडली. चांभाराचं दुकान उभं राहिलं. एल्होही कापत होता. स्वतःच्या हातचं काम कापत होता आणि दात खात होता. मला दिसलं ते एवढंच. एक जोडी त्याने न कापता बाजूला सरकवली, ते मला दिसलं नाही.

घोडेस्वार सहा-सात असतील. त्यांच्यासोबत एक दुभाष्या होता, एलिचपुराकडचा. आपलीच बोली बोलायचा, आपल्यासारखंच मुंडासं बांधायचा. तो खाली उतरला.

“शहरातले लोक इकडे पळाले. कुठे गेले?”

“आमच्या वासाने इकडे कोण येतंय?” गोमाई म्हणाली. “कातडी कमावतो आम्ही.”

“हा ढीग कसला?”

“वहाणांचा. तुला काय लाडू दिसतात?”

तो हसला. हसता हसता त्याने एक वहाण उचलली. अंगठा तुटका. दुसरी उचलली. तुटका. “एवढ्या?”

“राजधानी आहे बाबा. पायही तेवढेच. जत्रा तोंडावर आलीय, सगळ्यांना आजच घाई.”

त्याने ते स्वारांना त्यांच्या भाषेत सांगितलं. एकाने घोडा वळवलासुद्धा. मी श्वास सोडला. आणि दुभाष्याची नजर एल्होच्या मांडीमागे गेली. त्याने वाकून ती लाल जोडी उपसून काढली.

“ही कुठे तुटलीय?”

“नवी आहे,” एल्हो म्हणाला. “विकायची.”

दुभाष्याने वहाणेत बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग वहाण तिरपी करून स्वाराला दाखवली. आत पायाचा ओला ठसा होता. घामाचा. पाच बोटं स्पष्ट.

“नवी?” तो म्हणाला. “ही बाई आत्ता इथे होती. कुठे गेली?”

एल्होने उजवा हात खंदकाच्या कडेने पूर्वेकडे केला. “तिकडे. सगळे तिकडे पळाले.”

स्वार खाली उतरला. सावकाश उतरला. त्याने एल्होचं मनगट आमच्याच कापायच्या फळीवर ठेवलं आणि एका घावात हात तोडला. हात फळीवर राहिला, एल्हो मागे पडला. रक्त त्या लाल वहाणांवर उडालं.

“पुन्हा विचारतोय,” दुभाष्या म्हणाला. “कुठे गेले?”

एल्होने डावा हात उचलला. पूर्वेकडेच केला.

त्यांनी तोही तोडला.

तेव्हा गोमाई उठली. ती कंबरेत वाकलेली होती, पण उठली ती सरळ. तिने रापी स्वाराच्या मांडीत मुठीपर्यंत घातली आणि ओढली, कातडं चिरतात तशी. तो गुरासारखा हंबरला. दुसऱ्याने तिला पाठीमागून भाल्यावर घेतलं. भाला पोटातून बाहेर आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “डेमे, बस. जागची हलू नको.” माझ्या पाठीमागे दार होतं.

मी हलले नाही. जखमी स्वाराने सगळा राग एल्होवर काढला. आधी गळा, मग छाती, मग मेलेल्या माणसावरच घाव घालत राहिला.

आणि मला पाठीमागून, दगडातून, लखाईचा आवाज आला.

बारीक होता. माझ्या पाठीला टेकलेला दगडच रडतोय असं वाटलं. दुभाष्याने मान वळवली. “काय आवाज तो?”

मी ऊर बडवायला सुरुवात केली. “एल्होबा रे! मला टाकून कुठं गेलास रे! कोणाच्या आधारावर टाकलंस रे!” मी एवढ्या जोराने गळा काढला की घोडे बुजले. नवऱ्यासाठी रडत नव्हते मी. नवऱ्यासाठी रडायला मला आजवर सवड झालेली नाही. मी लेकीच्या रडण्यावर माझं रडणं घालत होते, पांघरूण घालतात तसं. आत ती आणखी रडली. बाहेर मी आणखी ओरडले. स्वाराने भाल्याचा दांडा कानावर मारला, कान फाटला, तरी मी थांबले नाही. दांडा तोंडावर बसला. दोन दात तोंडात आले. ते थुंकून पुन्हा गळा काढला.

मग आतला आवाज बंद झाला. एकदम.

मला हायसं वाटलं. वाटलं, त्या बाईने तिला छातीशी लावलं.

“चला,” दुभाष्या म्हणाला. “दोन हात तुटले तरी एकीकडेच दाखवत होता. खोटं नसणार.” आणि ते पूर्वेकडे गेले.

वेढा पडला. तुर्कांची छावणी आमच्या कातडी कमावायच्या कुंडांपर्यंत आली. मी एल्हो आणि गोमाईला कातडी भिजवायच्या खड्ड्यात ठेवलं आणि वर माती लोटली. पळून जा म्हणणारे भेटले. मी गेले नाही. मी दारापुढे बसून राहिले. शिपाई आपले जोडे शिवायला आणून टाकायचे, बदल्यात भाकरी फेकायचे. फाटक्या कानाची चांभारीण म्हणायचे मला. त्यांना वाटे, हिला वेड लागलंय, ही इथून उठत नाही.

जोड्यांचं काम संपलं की मी त्या ढिगातल्या वहाणा घेई आणि कापलेला अंगठा पुन्हा लावी. एकेक करून. ज्याच्या वहाणा तो बाहेर येणार, आणि त्यांच्याबरोबर माझी लेक येणार, एवढाच माझा हिशेब. कोणी बघत नसलं की दगडाला कान लावायचे. काही ऐकू यायचं नाही. वर किल्ल्यात नेलं असेल. वर तिला दूध मिळत असेल. लाल वहाणा मी पुन्हापुन्हा धुतल्या. लालावरचं लाल दिसत नाही म्हणतात. दिसतं.

मग एका दुपारी वर नगारे वाजले. लढाईचे नव्हते. राजाने तह केला होता. वर साठवलेली पोती फोडली तर धान्याच्या जागी मीठ निघालं, असं लोक म्हणत होते. खजिना खाली जाणार होता, हत्ती खाली जाणार होते, राज्य खाली जाणार होतं. माझ्या पाठीमागचा दगड कुरकुरला आणि फिरला.

आधी दायंबा बाहेर आला. उन्हाने डोळे बारीक केलेले, हातात तोच भाला. मला बघून थबकला. मग बाजूला झाला आणि लोक यायला लागले. हाडं राहिली होती नुसती. बाहेर पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी खाली जाई.

“माझी डावी कुठंय? ही माझी नाही.”

“अगं बाई, अंगठा बदललाय वाटतं!”

“राखल्या हो हिने. नाहीतर गेल्या असत्या सगळ्या.”

“त्यांचंच काम आहे ते.”

त्या वहाणा घालून ते उतरत होते. मी त्यांचे पाय बघत नव्हते. हात बघत होते. प्रत्येकाच्या कडेवर काय आहे ते बघत होते.

महादाई जवळजवळ शेवटी आली. कडेवर तिचं स्वतःचं पोर होतं. दुसऱ्या कडेवर काही नव्हतं. मी लाल वहाणा मांडीवर घेऊन बसले होते. ती वहाणांकडेच बघत राहिली.

“माझी लेक?” मी विचारलं.

“गप्प होती ती,” महादाई म्हणाली. “देवीशपथ सांगते, शहाण्यासारखी गप्प होती. अंधारात माझ्या पदरात निजलीसुद्धा. मग बाहेरून तुझा आवाज आला. तू रडत होतीस ना? तिने ओळखला तो. दाराकडे हात करायला लागली. आई म्हणाली. स्पष्ट म्हणाली, आई.”

मी लाल वहाणांच्या वाद्या मुठीत धरल्या.

“तू जितकं ओरडत होतीस तितकी ती... नाईक म्हणाला, गप्प कर तिला. सगळेच म्हणाले. माझ्या हातात माझं पोर होतं गं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. नाईकाने माझ्या हातावर हात ठेवला. मी काढणार होते. त्याने काढू दिला नाही.”

“म्हणजे शेवटी हात लावलासच तिला,” मी म्हणाले.

ती रडायला लागली. “मला नकोत त्या वहाणा.”

“घाल.” मी तिच्या पायांशी ठेवल्या. “एल्होने केल्यात. घाल.”

तिने घातल्या. टाचेवरचा मोर काळा पडला होता. ती उतरून गेली तेव्हा मी आमच्या सामानातून एल्होची स्वतःची पायताणं काढली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शिवून त्याने उरलेल्या तुकड्यांची एक जोडी केली होती, आणि ती कधी पायात घातली नव्हती. मला मोठी होत होती. वाद्या पायाला घट्ट बांधल्या आणि दाराकडे गेले.

दायंबा उंबऱ्यात होता. राज्य बुडालं होतं, आता राखायला काही नव्हतं, तरी तो उंबऱ्यात होता.

“कुठे ठेवलीत?”

“देवीच्या मागे कोनाडा आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “दगड लावलेत. नीट ठेवलीय. डेमे, आत शंभर माणसं होती. तू असतीस तर तूही तेच...” मग त्याची नजर खाली गेली. माझ्या पायांवर. आणि त्याच्या तोंडून सवयीने आलं, “अगं, वहाणा काढ आ—”

रापी माझ्या मुठीत होती. जाड कातडं चिरताना ती आडवी धरायची नसते, खालून वर न्यायची असते, आणि मधे थांबायचं नसतं. मी थांबले नाही. त्याचं वाक्य अर्धं राहिलं. भाला आधी पडला, मग तो.

त्याला ओलांडून मी आत गेले. भुयारात माझ्या पायांतलं चामडं वाजत होतं. वळणावर जाखाईपुढे दिवा होता. मी तिच्यासमोर उभी राहिले, वहाणांसकट, रक्तासकट.

ती सरकून बसली नाही.

तिच्या मागे जाऊन मी पहिला दगड काढला.